बिनपापाची साक्ष

रोहित साळवेच्या आयुष्यात पाप नव्हतं, आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली तशी ही उणीव त्याला फार जाणवायला लागली.

एरवी माणसाचं पापावाचून काही अडत नाही. रोहित बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होता, वेळेवर झोपत होता, दुधाची पिशवी कापली की तिचा तुकडा कचऱ्याच्या डब्यातच टाकत होता. पण शांती नगरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाने यंदा सेवा-सहल काढायची ठरवली. खाडीच्या वरच्या अंगाला नदीकाठची तीन दुर्गम गावं. दिवसा मुलांचे खेळ, विहिरीची साफसफाई, डोळे तपासायचं शिबिर. संध्याकाळी गाणी आणि साक्ष. पाळकसाहेबांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट करून टाकलं होतं, "कुणाचा धर्म बदलायला आपण जात नाही. आपल्याच लोकांना रविवारी वेळेवर उपासनेला यायचं अजून आपल्याला पटवता आलेलं नाही."

साक्ष म्हणजे चार लोकांसमोर उभं राहून आपण आधी कसे होतो, मग देवाने काय केलं आणि आता कसे आहोत, ते सांगायचं. प्रत्येकाने सांगायची. त्यातून सुटका नाही.

साक्षीची तालीम घ्यायचं काम विनिताताईकडे होतं. विनिताताई बँकेत कर्ज विभागात होती, त्यामुळे माणसाचं पूर्वायुष्य तपासायचा तिला सराव होता. फरसाणाच्या दुकानावरच्या ज्या हॉलमध्ये रविवारी सकाळी उपासना आणि संध्याकाळी झुंबाचे वर्ग चालत, तिथे तिने सगळ्यांना अर्धगोलात बसवलं.

हृतिकला काही अडचण नव्हती. तो काशीमीऱ्याला बाइकवरून पडला होता आणि पडता पडता त्याला देव आठवला होता. साक्ष देताना योग्य जागी तो पँटचा पाय वर करून गुडघा दाखवायचा. तो गुडघा म्हणजे संघाची सामाईक मालमत्ता झाली होती. भूमिकाकडे मोबाइल गेमचं व्यसन होतं, त्यात बारावीचं वर्ष बुडालं होतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग रोहित उभा राहिला.

"मी ख्रिस्ती घरात जन्मलो. लहानपणी दर रविवारी शब्बाथशाळेत जायचो. नंतरही जात राहिलो." एवढं बोलून तो थांबला.

"पुढे?" विनिताताई म्हणाली.

"अजून जातोय."

"अरे, ही साक्ष नाही. हा बायोडाटा झाला."

"पण ताई, खरंच काही झालंच नाही."

"असं कसं? नीट आठव. परीक्षेत कॉपी?"

"नाही."

"सिगरेट?"

"ताई, मला दमा आहे."

"मुलीबिली?"

"अजून तरी कुणी..." रोहित म्हणाला, आणि तो तक्रार करतोय असंच सगळ्यांना वाटलं.

"राग तरी येत असेल!"

"येतो ना. पण मी काय बोलायचं ते ठरवेपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो."

हृतिक खाली मान घालून हसत होता. विनिताताईने हताशपणे पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "प्रार्थना कर. देव काहीतरी दाखवेल."

रोहितने मनापासून प्रार्थना केली. लोक पापातून सोडव म्हणून प्रार्थना करतात. हा एखादं दे म्हणून बसला होता. देवालाही ही मागणी नवीन असावी, कारण सुट्टी लागेपर्यंत काही उत्तर आलं नाही.

वरसाव्याच्या धक्क्यावरून सगळे निघाले तेव्हा पुलावर ट्रकांची रांग लागली होती आणि पुलाखाली पाणी संथ होतं. होडी लवूची. लवू वरसाव्याचा, पन्नाशीचा, रापलेला. पूर्वी तो याच होडीतून रेती वाहायचा. रेतीचा उपसा बंद झाला तसा तो गळ घेऊन येणाऱ्या हौशी लोकांना मासे नसलेल्या जागा दाखवायला लागला. तरुण संघाचं बोचकं, गिटार, डोळे तपासायचा तक्ता आणि शेंगदाण्याच्या लाडवांचे डबे त्याने चढवून घेतले आणि विचारलं, "कितीक दिस हाव तुमी?"

"चार," विनिताताई म्हणाली. "दुर्गम भागात जातोय ना, जास्त राहायची परवानगी नाही मिळाली मुलांच्या घरून."

लवूने तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि मशीन चालू केलं.

तो भाग दुर्गम होता यात शंका नाही. जायला रस्ता होता, पण तो पावसाने नेला होता. प्यायचं पाणी पिंपांत भरून होडीने यायचं. आणि समोरच्याच काठावर घोडबंदर रोडचे तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे होते. अंधार पडला की त्यांच्या गच्चीवरचे निळे-जांभळे दिवे गावातल्या अंगणापर्यंत यायचे. टॉवरवाल्यांसाठी सोडलेलं मोबाइलचं नेटवर्क पाण्यावरून थेट गावात घुसायचं, त्यामुळे भूमिकाला शांती नगरात न मिळणारी रेंज इथे मिळाली आणि तिची साक्ष पहिल्याच दिवशी जरा अडचणीत आली.

पहिलं गाव बेटपाडा. दिवस छान गेला. मुलं खेळली, म्हाताऱ्यांनी डोळे तपासून घेतले, आणि तक्त्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत ती डोळ्यांमुळे की शाळेमुळे यावर थोडा वाद झाला. संध्याकाळी गावातल्या एकमेव ख्रिस्ती मास्तरांच्या अंगणात सगळं गाव जमलं. वीज गेलेली होती आणि दुसरी करमणूक नव्हती. गाणी झाली. हृतिकचा गुडघा कंदिलाच्या उजेडात हातोहात पाहिला गेला. भूमिकाची साक्ष झाली. मग रोहित उठला.

"मी ख्रिस्ती घरात जन्मलो," त्याने सुरुवात केली. मागच्या बाजूला एक पोर रडायला लागलं. "शब्बाथशाळेत जायचो." दोन माणसं तंबाखू मळत उठली. पुढेच बसलेल्या एका आजीने गुडघ्यावर हात टेकला आणि प्रेमाने विचारलं, "झाला काय रं बाला? चूल पेटवाची हाय मना."

रोहितने विनिताताईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. बहुतेक प्रार्थना करत होती, पण रोहितला ते लाजेने मिटल्यासारखे दिसले. आणि त्या घटकेला, पोराचं रडणं, आजीचं उठणं आणि ताईचे मिटलेले डोळे यांच्या मधोमध उभा असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी दारू प्यायचो."

पोरसुद्धा गप्प झालं. आजी खाली बसली.

आता आलं का संकट! रोहितने दारू बाटलीतसुद्धा नीट पाहिली नव्हती. पण त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दशरथकाका राहायचे आणि ते दर शनिवारी रात्री लिफ्टशी भांडायचे. लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणाली की काका म्हणायचे, 'आधी आवाज खाली कर, घरात म्हातारी माणसं आहेत.' रोहितने काकांच्या जागी स्वतःला उभं केलं आणि पुढची दहा मिनिटं कशी गेली ते त्यालाही कळलं नाही. लिफ्टच्या दारात रात्रभर बसलेला मुलगा, सकाळी त्याला उचलायला आलेली आई, आईच्या डोळ्यांत राग नव्हता वगैरे वगैरे. आजीने पदराने डोळे टिपले. चूल त्या दिवशी उशिरा पेटली.

विनिताताईने त्याचे दोन्ही हात धरले. "एवढं मोठं ओझं एकट्याने वागवलंस? आणि मी तुला बायोडाटा म्हणाले!" तिच्या आवाजात पश्चात्ताप होता, आणि थोडं समाधानही.

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं, हे आपण शेजारी बसून सहज म्हणू शकतो. पण ज्याला आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी शेवटपर्यंत ऐकलंय, त्याची गोष्ट वेगळी असते. दुसऱ्या गावात विनिताताईने त्याची साक्ष सर्वांत शेवटी ठेवली. हृतिकचा गुडघा मधल्या नंबरावर गेला. हृतिक म्हणाला, "यार, तू तर छुपा रुस्तम निघालास. आधी सांगितलं असतंस तर आपण दोस्ती वेगळ्या लेव्हलची केली असती." दुसऱ्या गावात रोहितने आईचं शिलाई मशीन विकलं. तिसऱ्या गावात तर त्याला बोलता बोलता स्वतःच्या आईची एवढी दया आली की तो खरोखर रडला.

या तिन्ही संध्याकाळी अंगणाच्या कडेला एक माणूस बसलेला असायचा. होडीचं मशीन चालू असताना लवू थेंबालाही शिवत नसे. पण होडी बांधली की डिझेलच्या डब्याशेजारच्या पेटीतून एक बाटली निघायची. पहिल्या संध्याकाळी ती त्याच्या मांडीवर होती. दुसऱ्या संध्याकाळी ती बाजूला होती. तिसऱ्या संध्याकाळी ती होडीतच राहिली.

परतीच्या सकाळी बाकीचे सामान बांधत होते तेव्हा लवूने रोहितला होडीच्या टोकाला बोलावलं.

"पोऱ्या, मना येक सांग. तू सोरलीस ती येका दमान का हलूहलू?"

"काय?"

"दारू रं."

"एका दमात," रोहित म्हणाला, कारण ते वाक्य लहान होतं.

लवूने मान हलवली. पेटीतून बाटली काढली, बूच उघडलं, आणि उरलेली सगळी खाडीत ओतली. मग बराच वेळ तो पाण्याकडे बघत राहिला, जणू कुणाला तरी पोचवून आला होता.

"थोरलीच्या हलदीला मी पिलो," तो सांगायला लागला. "आमच्यान हलद म्हंजे तुना म्हाईत हाय. अख्खा गाव पितो. दुसऱ्या दिसाला मांडवान कन्यादानाची वेल झाली, तं पोरीचा बापूस कुटं? बापूस मिठागराच्या बांधावर झोपलेला. माज्या मेव्हन्यान, रामनाथान, माज्या पोरीचा हात दिला. ती आजून मना काय बोलली न्हाय. बोलली असती तं बरा झाला असता." त्याने बाटली पेटीत परत ठेवली, रिकामी. "आता धाकटीचा, संजनाचा लगीन हाय डिसेंबरान. तिनं साफ सांगितलंय. बाबा, हलदीला येक घोट जरी घेतलास तं रामनाथमामाच बसंल. मामाला सांगून पन ठेवलंय. त्यो नवीन धोतर घेऊन बसलाय."

"मग तुम्ही नका पिऊ," रोहित म्हणाला.

"तेच तं! तू हायस ना आता," लवू म्हणाला. "तू सुटलास, मंग मी पन सुटंन. तू हलदीला यायचा. माज्या बाजूला ऱ्हायचा. तुला म्हाईत हाय कसा ऱ्हायचा ते."

रोहित हो म्हणाला. नाही म्हणायचं ते ठरवेपर्यंत होडी पुलाखाली आली होती.

त्यानंतर लवूचा रोज फोन यायला लागला. "गुरू, हात कापतान," तो सांगायचा. "गुरू, झोप न्हाय." रोहित लिंबूपाणी सांगायचा, चालायला सांगायचा, जे सुचेल ते सांगायचा. त्यातला शहाणपणाचा उपाय एकच होता: त्याने लवूला स्वतः रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरसमोर बसवलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि रोहितकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" लवू म्हणाला, "ह्यो आमचा जुना मानूस हाय." कशातला जुना, ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. डॉक्टरने रोहितलाही वजन करून घ्यायला लावलं.

आणि मग तो रविवार आला.

उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या शुभदाबाईंच्या घरावर काय काय गुदरलं हे आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं. पण तरुण रोहित आज त्या व्यसनातून मुक्त आहे. ज्या माउलीने शिलाई मशीनसुद्धा गमावलं, तिच्यासाठी आपण उपकारस्तुती करू."

रोहितची आई, शुभदाबाई, गायकवृंदात पहिल्या ओळीत उभ्या होत्या. आदल्या रात्रीच त्यांनी त्या मशीनवर दिवाणखान्याच्या पडद्यांना टीप मारली होती. पण चारशे डोळे आपल्याकडे वळलेत म्हटल्यावर बाईंनी मान खाली घातली, आणि ती खाली घातलेली मान पाहून मंडळीतल्या बायकांना आणखीच भरून आलं. घरी जाताना तिघीजणींनी त्यांच्या हातात डबे दिले.

घरी दार लागल्यावर शुभदाबाईंनी आधी मुलाच्या तोंडाचा वास घेतला.

"कधीपासून?"

"आई, मी कधीच नाही प्यायलो."

"दशरथभाऊजींनी पाजली का? खरं सांग. म्हणूनच तू त्यांना लिफ्टमधून घरी पोचवायचास!"

"आई, ऐक तर. मी खोटं बोललो." आणि त्याने सगळं सांगितलं. आजीची चूल, ताईचे मिटलेले डोळे, मशीन, सगळं.

शुभदाबाई मशीनवर हात ठेवून बसल्या. "म्हणजे प्यायला नाहीस, ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण देवाच्या नावावर थाप मारलीस. त्यापेक्षा एखादी बिअर घेतली असतीस तर मला समजावायला सोपं गेलं असतं."

"पाळकसाहेबांना सांगतो ना मी. विनिताताईला पण."

"त्यांना सांगशीलच. मी उभी राहीन तुझ्या बाजूला. आणि तो होडीवाला?"

रोहितचं सगळं अडलं होतं ते तिथेच. पाळकसाहेब रागावतील, विनिताताई बोलणार नाही, हृतिक वर्षभर चिडवेल. हे सगळं सोसता येण्यासारखं होतं. पण लवू त्याच्या खोटेपणावर उभा होता. "त्याला सांगितलं तर तो पिईल, आई. आणि प्यायला तर त्याच्या पोरीचं कन्यादान त्याच्या हातून जाईल. लग्न झाल्यावर सांगतो."

"आणि आधीच कळलं तर? दुसऱ्याकडून?"

शुभदाबाईंनी आलेले डबे उघडले. एकात अनारसे होते. मायलेकांनी ते कुठल्याशा दुखवट्याला आल्यासारखे खाल्ले.

हळदीच्या संध्याकाळी वरसाव्याला रोहित पोचला तेव्हा मांडव पिवळाधमक झाला होता. बँजो पार्टी वाजत होती, पिवळ्या साड्यांतल्या बायका नाचत होत्या, आणि एका कोपऱ्यात धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणणारी बाई, बँजो कधी थांबतो याची वाट बघत पान चघळत होती. मांडवाच्या मागे टेम्पो उभा होता. त्याच्या आडोशाला लवूचा चुलतभाऊ रामू थर्माकोलच्या माशांच्या पेटीत बर्फ घालून बसला होता आणि त्या बर्फात मासे नव्हते.

रोहितला गाव आधीच ओळखत होतं. एका अनोळखी माणसाने येता येता त्याच्या हातात ग्लास दिला, तर दुसऱ्याने धावत येऊन तो काढून घेतला. "ह्याला नको देऊ रं! ह्यो सुटलेला हाय. येक थेंब गेला तं परत घर इकल." मंदा, लवूची बायको, त्याच्यासाठी खुर्ची घेऊन आली. "बस बाला," ती म्हणाली. "येवर्‍या लहान वयान काय काय भोगलंस." रोहित बसला. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण तिथे खाली मांडवासाठी टाकलेली ओली रेती होती आणि खुर्चीचे पाय तेवढे रुतले.

लवूने नवीन पांढरा सदरा घातला होता. त्याचे हात कपाळाकडे जायचे, खिशाकडे जायचे, बटणांकडे जायचे. त्यांना जागा सापडत नव्हती. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारत होतं. "काय लवू, आज पोरीची हलद! आज बी सुका?" मांडवाच्या तोंडाशी रामनाथमामा बसले होते. रामनाथमामा आयुष्यात कधी प्यायले नव्हते आणि हे त्यांनी कुणाला विसरू दिलं नव्हतं. त्यांची नजर लवूवरून हलत नव्हती.

लवूने रोहितला हाताला धरून मांडवाबाहेर नेलं.

"गुरू, आता न्हाय होत माज्याकून," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रामू दोनदा येऊन गेला. मना सांग, तू सोरल्यावर पयल्या हलदीला, पयल्या पार्टीला, काय केलास? कसा काढलास त्यो येल? तू सांगशील तसा करतंय."

सगळं आयुष्य रोहितला बोलायचं काय ते ठरवायला वेळ लागत आला होता. या वेळी लागला नाही.

"लवूकाका, मी कधी प्यायलोच नाही. ती साक्ष खोटी होती."

बँजोवाल्यांनी नेमकं तेव्हाच गाणं संपवलं.

"मंग लिफ्टची बाय?" लवूने विचारलं.

"ती खरी आहे. पण तिच्याशी भांडणारे काका दुसरे."

"शिलाय मशीन?"

"घरीच आहे. परवा पडदे शिवले आईने."

"म्हंजे येक थेंब पन न्हाय?"

"नाही."

"कवाच न्हाय?"

"खोकल्याच्या औषधात असते म्हणतात," रोहित म्हणाला, कारण आता त्याला काहीच लपवायचं नव्हतं.

लवू रागावला असता तर बरं झालं असतं. तो वळला आणि टेम्पोच्या दिशेने चालायला लागला. रामूने लांबून पाहिलं आणि पेटीचं झाकण उघडलं. रोहित मागून गेला. थांबवायचा त्याला हक्क नव्हता. तो नुसता मागे चालत राहिला.

टेम्पोपासून थोडं अलीकडे लवू थांबला.

"तू कालेजान हायस," तो मागे न बघता म्हणाला. "दोस्तांच्या पार्ट्यांना जातंस?"

"जातो."

"लग्नाना?"

"बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या."

"कुनी देत न्हाय तुला?"

"देतात ना. सगळेच देतात."

"मंग करतंस काय तू?" लवू आता वळला. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता होती. "म्हंजे हात कुटं ठेवतंस?"

हा प्रश्न रोहितला आजवर कुणी विचारला नव्हता. विनिताताईने कॉपी विचारली होती, सिगरेट विचारली होती, मुलीबिली विचारल्या होत्या. हात कुठे ठेवतोस हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मी वाढायला घेतो," तो म्हणाला. "हातात बादली असली की कुणी ग्लास देत नाही. द्यायला आले तरी घ्यायचा कशाने? आणि वाढणाऱ्याला कुणी बस म्हणत नाही, सगळ्यांना आपापल्या ताटाचं पडलेलं असतं. नाचायलासुद्धा ओढत नाहीत, सांडेल म्हणून. फक्त बादली रिकामी ठेवायची नाही. रिकामी दिसली की लोक आग्रह करायला येतात."

लवूने हे सगळं नीट ऐकून घेतलं. त्याच्यामागे रामू ग्लास हातात घेऊन उभा राहिला होता.

"मटनाच्या रश्श्याची बादली कुटं हाय?" लवूने विचारलं.

वरसाव्याच्या आठवणीत मुलीच्या बापाने हळदीला पंगतीत वाढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. आधी लोकांना वाटलं, लवूला जास्त झालीय. मग त्याच्या पळीचा नेम पाहिला आणि तो संशय गेला. लवू रश्शाची बादली घेऊन पुढे, रोहित भाताची घेऊन मागे, असे ते एका पंगतीवरून दुसऱ्या पंगतीवर गेले. सुरुवातीला लवूच्या हाताला कंप होता आणि दोघातिघांच्या सदऱ्यांवर रश्शाचे ठिपके पडले; पण सगळेच पिवळे होते, कुणाच्या लक्षात आलं नाही.

रामू ग्लास घेऊन पंगतीच्या कडेने चालत होता. "अरं लवू, पोरीचा बापूस तू, तू वाढतंस?"

"मंग कोनाचा बापूस वाढंल? सरक, सांडंल तुज्यावर."

"येक घोट तरी घे ना!"

"कशान घेऊ? दात हायत फक्त मोकले." पंगत हसली. रामूने ग्लासाकडे पाहिलं, लवूच्या दोन्ही भरल्या हातांकडे पाहिलं, आणि शेवटी काही सुचेना म्हणून तो स्वतःच पिऊन टाकला.

"बादली बघ," रोहित मागून पुटपुटायचा. लवू ती भरून आणायचा. दर खेपेला आचाऱ्याच्या चुलीकडे जायचा रस्ता टेम्पोच्या जवळून होता, आणि दर खेपेला रोहित त्याच्या आणि टेम्पोच्या मधून चालत होता. पहिल्या काही खेपा लवूची मान तिकडे वळत होती. नंतर त्याला तेवढी सवड राहिली नाही. कुणाला हाड हवं होतं, कुणाला नळी हवी होती, कुणाच्या पोराला तिखट लागत होतं. मंदा मांडवाच्या खांबाला टेकून बघत होती. तिने पदर तोंडाशी धरला होता, त्यामुळे ती हसतेय की काय ते समजत नव्हतं.

शेवटच्या पंगतीला रामनाथमामा बसले. लवू त्यांच्यासमोर वाकला तेव्हा मामाही पुढे वाकले. दोघांची नाकं एका वितीवर आली. मामांनी एक दीर्घ श्वास घेतला. मग डोकं मागे घेऊन त्यांनी परत एकदा पुढे केलं, खात्रीसाठी.

"मसाला जरा जास्त झालाय," ते म्हणाले.

तेवढ्यात संजना आली. हळद लागून लागून तिचा चेहरा सोन्याच्या पत्र्यासारखा झाला होता. तिने बापाला बादलीसकट खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग हातातल्या वाटीतली हळद दोन्ही तळव्यांना फासली आणि त्याच्या दोन्ही गालांना चोळली. लवूचे हात गुंतलेले होते. त्याला ना तोंड फिरवता आलं, ना डोळे पुसता आले.

"बाबा, उद्या लवकर आंघोल कर," ती म्हणाली. "भटजी सकालीच येनार हाय. तुला माज्या बाजूलाच बसाचा हाय." आणि मग, बापाच्या खांद्यावरून, "मामा, तुमी उद्या आरामात या."

"म्हंजे?" रामनाथमामांनी विचारलं.

"जेवनाच्या येलेला आलात तरी चालंल."

लवूने रामनाथच्या ताटात आणखी दोन पळ्या रस्सा ओतला. ताट आधीच भरलेलं होतं.